माफीचा चेंडू

व्हर्लीनने कात्री उचलली तेव्हा डॉर्सीला वाटलं, ही आता जर्सी फाडणार. तिने मानेमागचं लेबल तेवढं कापलं आणि जर्सी त्याच्या अंगावर अशी भिरकावली की एक बाही थेट त्याच्या कॉफीत बुडाली.

"घे, घाल अंगात. नटूनथटून जा आपल्याच धिंडीला."

डॉर्सीने बाही कपातून काढून पिळली. काळ्या कापडावर पांढरा त्र्याऐंशी, तो खेळायचा तेव्हाचा त्याचा नंबर. क्लबाने पाठवलेली जर्सी त्याला दोन मापं मोठी होत होती. त्याचं माप विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं.

"धिंड कसली, व्हर्ल? मध्यंतरात दहा मिनिटं उभं राहायचं. लायलचा सत्कार आहे."

"सत्कार त्याचा आणि माफी तुला! चोर सोडून संन्याशाला फाशी देतात हे ऐकलं होतं. इथं चोरच संन्याशाला माफ करायला निघालाय, आणि संन्यासी सकाळी उठून बुटांना पॉलिश करतोय."

डॉर्सी हसला. ते हसू बघून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. लग्नाला पन्नास वर्षं होत आली तरी तिला हे हसू सहन होत नव्हतं. याच हसण्याने याने सगळं गिळलं होतं: दारावर फेकलेली अंडी, पेट्रोल पंपावरचे टोमणे, मुलीला शाळेत लावलेली नावं. मुलीने लग्न झाल्याबरोबर आडनाव बदललं, आणि त्या दिवशी तिला किती हलकं वाटलं हे आईला सांगितलंसुद्धा. ते व्हर्लीनने डॉर्सीला अजून सांगितलेलं नव्हतं.

सगळं पुन्हा उकरलं गेलं ते गेल्या महिन्यातल्या टीव्हीच्या कार्यक्रमामुळे. 'ज्यांचं चीज झालं नाही असे रिसीव्हर', म्हणजे अमेरिकन फुटबॉलमधले चेंडू झेलणारे गडी. सूट घातलेली चार पोरं गोल टेबलाभोवती बसली होती. डॉर्सी खेळत होता तेव्हा त्यातला एकही जन्मला नव्हता. त्यांनी सातव्या नंबरवर डॉर्सी मेब्रीचं नाव घेतलं आणि स्वयंपाकघरात व्हर्लीनच्या हातातला चमचा थांबला. पोरं चांगलं बोलत होती. म्हणाली, हा ज्या संघात खेळला तो संघ चेंडू हवेत फेकायचाच नाही, सगळा खेळ जमिनीवरून पळण्याचा. त्यामुळे याचे आकडे लहान. पण पळणाऱ्यासाठी वाट कोण मोकळी करायचं? मेब्री. स्वतःला चेंडू मिळणार नाही हे माहीत असून जीव तोडून पळायचा आणि दोन-दोन राखणदारांना आपल्यामागे ओढून न्यायचा, तो मेब्री. मैदानाच्या मधोमध, जिथे बरगड्या मोडतात तिथे, हात वर करून उडी मारायचा तोही मेब्रीच.

आणि मग ते 'पण' आलं. पण त्या अंतिम सामन्यात तो चुकीचा पळाला. तुकडा दाखवला, पोरं चुकचुकली आणि सहाव्या नंबरकडे वळली. दुसऱ्याच आठवड्यात क्लबाचा फोन आला: लायलच्या सत्कारात त्याने फेकलेला एक चेंडू धरायचा, की शहराकडून सगळं माफ.

तो डाव व्हर्लीनला पाठ होता. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात डॉर्सीने तो याच टेबलावर मिठाची आणि मिरपुडीची बाटली मांडून तिला समजावला होता. रिसीव्हरने सरळ पळत सुटायचं, नजर समोरच्या शेवटच्या राखणदारावर. राखणदार जागेवर थांबला, तर त्याला मागे टाकून पळत राहायचं. राखणदार मागे पळाला, तर थांबून आत वळायचं, कारण तो मागे गेला म्हणजे त्याच्या पुढची जागा मोकळी झाली. चेंडू फेकणाऱ्यानेही, म्हणजे क्वार्टरबॅकने, त्याच राखणदाराकडे बघायचं आणि त्याप्रमाणे चेंडू लांब किंवा जवळ फेकायचा. बोलायला वेळ नसतो. दोघांनी एकच गोष्ट बघायची, एवढाच सगळा करार.

अंतिम सामन्याच्या शेवटच्या मिनिटात राखणदार मागे पळाला. डॉर्सी आत वळून छातीशी हात धरून उभा राहिला. क्वार्टरबॅक लायल हॅगर्टीने चेंडू लांब फेकला, थेट त्या राखणदाराच्या झोळीत. सामना गेला. सँडहेवन शहराला त्यानंतर कधी विजेतेपद मिळालं नाही.

सामना दूर दक्षिणेत झालेला. इथून कोण गेलं होतं बघायला? सगळ्यांनी पाहिला टीव्हीवर, आणि टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो. घराघरांत दिसलं ते एवढंच, की चेंडू लांब उडाला, त्याच्याखाली शत्रूचा एकटा माणूस, आणि त्र्याऐंशी नंबरचा कुठे पत्ताच नाही.

सोमवारी संघाच्या खोलीत फिल्म लावली. ती उंचावरून घेतलेली, मैदानावरची सगळी माणसं दिसणारी. प्रशिक्षकाने दिवे लावून विचारलं, "कोण चुकलं?" डॉर्सीने हात वर केला. त्या खोलीतली ती रीतच होती. क्वार्टरबॅक चुकला तरी हात रिसीव्हरने वर करायचा, कारण क्वार्टरबॅकवरचा विश्वास उडाला तर पुढच्या वर्षी बाकीचे त्याच्यासाठी अंग झोकत नाहीत. फिल्म तर सगळ्यांनाच दिसत होती. प्रशिक्षकाने मान हलवली, विषय संपला. खोलीतली गोष्ट खोलीबाहेर जायची नाही, हीसुद्धा रीतच. दोन दिवसांनी पेपरात मथळा आला: 'मेब्रीची कबुली.' कुणी सांगितलं ते कधी कळलं नाही. वार्ताहरांनी लायलला गाठलं, तेव्हा तो म्हणाला, "डॉर्सी माझा मित्र आहे. मी त्याला दोष देणार नाही." करून सवरून नामानिराळा, आणि वर मनाचा मोठेपणा!

"तू का बोलत नाहीस?" हे व्हर्लीनने किती वेळा विचारलं असेल त्याला गणती नाही. उत्तर एकच.

"रिसीव्हर क्वार्टरबॅकबद्दल बोलत नाही."

आजही तिने विचारलं. आजही तेच उत्तर आलं, आणि वर आणखी एक मागणी.

"वचन दे. आज तिथं कुणाशी भांडणार नाहीस."

"मी? मी कशाला भांडू? मी टाळ्या वाजवीन. फुलं आणू का त्याला?"

"व्हर्ल."

"बरं बाबा, नाही भांडणार! पण एक सांगते, मेब्री. आज तू त्याचा तो चेंडू धरलास ना, तर मी जन्मभर जे ओरडून सांगितलं ते खोटं ठरेल. मग मलाही माफ करून घे त्याच्याकडून."

डॉर्सीने जर्सी डोक्यातून घातली. वाकड्या बोटांनी ती खाली ओढायला त्याला वेळ लागला. तिने मदत केली नाही.

*

स्टेडियमच्या बोगद्यात मॅकेना नावाची क्लबाची मुलगी हातात पाटी घेऊन उभी होती. चोवीस-पंचवीसची, गोड बोलणारी, आणि कुणालाही दुखवावं असं तिच्या मनातही नसलेली. त्यामुळे तिच्यावर धड रागावताही येईना.

"सोप्पंय एकदम, मिस्टर मेब्री. मोठ्या पडद्यावर आधी जुना तुकडा दाखवू. लोक 'ऊऽऽ' करतील. मग तुम्ही इथून पळायचं, सरळ, त्या नारिंगी खुणेपर्यंत. लायल सर हळूच फेकतील. तुम्ही धरलात की पडद्यावर 'माफ केलं!' आणि फटाके. लोक रडतील बघा!"

"लोक रडतील," व्हर्लीन म्हणाली. "आणि नाही धरला तर?"

"तरी 'माफ केलं' येणारच, मिसेस मेब्री. ते आधीच लावून ठेवलंय."

डॉर्सीने मोठ्या कुतूहलाने मैदानाकडे पाहिलं. "आणि राखणदार कोण?"

"आमचं अस्वल! संघाचं सोंग, टोपीवालं. ते हात हलवत मागं मागं पळणार आणि धपकन पडणार. पोरांना आवडतं."

"मागं पळणार?"

"हो."

"बरं," डॉर्सी म्हणाला.

तेवढ्यात लायल हॅगर्टी आला. पांढरे केस, उन्हात रापलेला चेहरा, निळा कोट. गाड्यांच्या जाहिरातीत दिसतो तसाच, फक्त गाडी नव्हती. त्याने डॉर्सीला मिठी मारली आणि पाठीवर दोन थापा दिल्या.

"डॉर्स! म्हाताऱ्या! ऐक, या वेळी सरळ हं! पंचेचाळीस वर्षं थांबलोय मी या चेंडूसाठी."

बरोबरचे सगळे खो खो हसले. व्हर्लीनच्या तोंडून शब्द फुटणार एवढ्यात डॉर्सीची बोटं तिच्या कोपराला लागली. तिने ओठ असे मिटले की ते पांढरे पडले.

"व्हर्लीन, तू तर अजून तशीच दिसतेस," लायल म्हणाला.

"तूही तसाच आहेस, लायल. अगदी तसाच."

त्याने ते कौतुक समजून मान लववली. कुटुंबीयांच्या काचेच्या खोलीत लायलची मुलं, सुना आणि नातवंडं मावत नव्हती. म्हणून मॅकेनाने माफी मागत व्हर्लीनच्या हातात वरच्या सज्ज्याचं तिकीट ठेवलं. "पण तिथून सगळं मैदान दिसतं हं," ती म्हणाली.

*

वर वारं तलावावरून सरळ अंगात शिरत होतं. व्हर्लीनच्या शेजारी साठी उलटलेला एक आडवा माणूस बसला होता. अंगात लायलची नऊ नंबरची जुनी जर्सी, हातात सॉसेज घातलेला लांबडा पाव, त्यातून आंबट कोबी बाहेर लोंबत होता. ऑगी पाव्हलिक, त्याने स्वतःच सांगितलं. ही जागा आधी त्याच्या बापाची होती. तिला सरकायला सांगण्याऐवजी तो स्वतः सरकला आणि भुईमुगाच्या शेंगांची पिशवी तिच्यापुढे धरली.

"घ्या, बाई. आज मध्यंतरात उठू नका. मेब्रीला आणलंय."

"ऐकलं मी."

"त्या माणसानं माझा बाप मारला."

व्हर्लीनची शेंग हातातच राहिली. "काय म्हणालात?"

"बाप तसंच म्हणायचा. म्हातारा आजारी होता. डॉक्टरनी हात टेकलेले. म्हणाला, एक विजेतेपद बघतो आणि जातो. पलंग बैठकीत आणून ठेवला होता आम्ही, टीव्हीसमोर. चेंडू उडाला, म्हातारा कोपरावर उठला, आणि बघतो तर खाली मेब्रीच नाही! कुठं कडमडला होता देव जाणे. मार्चमध्ये गेला बाप." ऑगीने पावाचा लचका तोडला. "हात मात्र सोन्याचे होते हं त्याचे. खोटं कशाला बोलू? बर्फात एका हातानं धरलेला चेंडू मी या डोळ्यांनी पाहिलाय, इथंच. दुसरा कुणी असता तर पुतळा उभारला असता. पण ऐन वेळी डोकं गहाण टाकलं गड्यानं."

"तुम्हाला काय माहीत, कुणाचं डोकं गहाण पडलं ते?"

"अहो, त्यानं स्वतः कबूल केलं! पेपरात आलं होतं. तुम्ही बघता का फुटबॉल?"

"नवरा खेळायचा."

"काय खेळायचा?"

"रिसीव्हर."

"मग झालं तर! तुम्हीच सांगा, सरळ पळायला काय अक्कल लागते?"

वचन दिलं नसतं तर ऑगी पाव्हलिक त्या शेंगांच्या पिशवीसकट खालच्या रांगेत गेला असता. व्हर्लीनने हातातली शेंग टरफलासकट चिरडली आणि तिचा भुगा स्वतःच्या मांडीवर पडू दिला. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हा. मार तिने आयुष्यभर खाल्ला होता, पण तोंड आज पहिल्यांदा दाबलं होतं, आणि तेही नवऱ्याने.

मध्यंतर झालं. लायल हात हलवत मैदानात आला आणि सत्तर हजार माणसं उभी राहिली. मग निवेदकाने दुसरं नाव घेतलं. टाळ्याही आल्या, हुर्योही आली. पडद्यावर जुना तुकडा लागला. लांब उडालेला चेंडू, खाली एकटा माणूस. "ऊऽऽ" झालं, अगदी मॅकेना म्हणाली होती तसंच. ऑगीने मान दुसरीकडे फिरवली. त्याला अजूनही ते बघवत नव्हतं.

खाली डॉर्सी रेषेवर वाकला. एवढ्या वरून तो मोठ्या माणसाची जर्सी घातलेल्या पोरासारखा दिसत होता. शिट्टी वाजली. तो पळाला. गुडघे आत वळत होते, पाऊल फरफटत होतं. लोकांनी दयेने टाळ्या वाजवल्या. अस्वल हात हलवत मागे मागे पळू लागलं. डॉर्सीचं डोकं वर होतं, नजर अस्वलावर.

नारिंगी खूण अजून बरीच पुढे होती, तेव्हा त्याने बाहेरचा पाय रोवला आणि आत वळला.

व्हर्लीन पुढे वाकली.

डॉर्सी लायलकडे तोंड करून उभा राहिला. दोन्ही हात छातीसमोर, बोटं उघडी. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं. लायल चेंडू कानाशी धरून थांबला. या वेळी त्याच्या अंगावर कुणी धावून येत नव्हतं. घड्याळ बंद होतं, आणि दोघांमध्ये एखाद्या अंगणाएवढंच अंतर होतं. पोराने फेकला असता तरी चेंडू पोचला असता.

"अहो मेब्री, सरळ! सरळ!" निवेदक ओरडला आणि हसला. स्टेडियम हसलं.

डॉर्सी हलला नाही. त्याने हातही खाली घेतले नाहीत.

लायलने त्याच्याकडे पाहिलं. चांगलं, सावकाश पाहिलं. मग त्याने काचेच्या खोलीकडे पाहिलं, पडद्याकडे पाहिलं, आणि हात मागे नेऊन चेंडू लांब फेकला. चेंडू डॉर्सीच्या डोक्यावरून गेला. अस्वल पडायचं विसरलं. चेंडू त्याच्या पोटावर आदळला आणि त्याने तो गच्च मिठीत धरला.

हास्याचा असा लोट उठला की व्हर्लीनच्या कानाला दडे बसले. पडद्यावर 'माफ केलं!' झळकलं, फटाके फुटले, धूर झाला. "पंचेचाळीस वर्षं झाली, मंडळी, आणि गडी अजून तिकडंच वळतोय!" निवेदकाला हसू आवरत नव्हतं. धुरात डॉर्सी अजून तसाच उभा होता, हात छातीसमोर. चेंडू कुठे गेला हे बघायला त्याने मानसुद्धा वळवली नव्हती.

लायलला दिसत होतं! व्हर्लीन केव्हा उभी राहिली तिचं तिलाच कळलं नाही. त्या माणसाला सगळं दिसत होतं, आणि तरी! सगळी शिवीगाळ तिच्या घशाशी एकदमच आली आणि कुठली आधी काढावी हे तिला कळेना.

शेजारी ऑगी हसत नव्हता.

त्याच्या हातातला पाव वाकडा झाला होता आणि कोबी बुटावर सांडला होता. तो खाली बघत होता. डॉर्सीकडे, मग लायलकडे, मग अस्वलाकडे, मग पुन्हा डॉर्सीकडे. जाड बोट हवेत तशीच रेघ मारत होतं.

"मोकळा होता," तो म्हणाला. कुणाला उद्देशून नव्हे. "अस्वल मागं गेलं, म्हणून तो... अहो, तो मोकळाच उभा होता. समोरच. लायलला दिसत होता की तो."

त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला.

"म्हणजे तेव्हासुद्धा..."

व्हर्लीनने त्याच्या नऊ नंबरच्या जर्सीची बाही मुठीत धरली आणि त्याला जागेवरून ओढून उभं केलं.

"पुन्हा बोला," ती म्हणाली. "या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोला."